दगडी मिडलच्या गॅलरीतली हाक

रुजू होण्याचा कागद हातात घेऊन मी दगडी मिडल शाळेचा जिना चढत होतो, तेव्हा वर कोणाचं तरी कडाक्याचं भांडण चाललंय अशी माझी खात्रीच झाली. एक घोगरा, पुरुषी म्हणावा असा आवाज कोणा कांताला विचारत होता की तिची पोरगी अजून घरात काय करतेय. खालच्या गल्लीतून उत्तर आलं की भांडी घासतेय. "भांडे काई पळून नाई चालले वं, कांता. पोट्टीले पाठव," वरचा आवाज म्हणाला. मी वर पोचलो तर गॅलरीच्या लाकडी कठड्यावर दोन्ही तळवे टेकून, सुती साडी नेसलेली, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेली एक ठेंगणी बाई उभी होती. माझ्याकडे न बघताच तिने थांबा म्हणून हात केला. गल्लीच्या तोंडाशी एक मुलगी दप्तर सावरत पळताना दिसली, तेव्हा कुठे ती वळली. "तुमी अकोल्याचे नवे सर ना? बसा. एक अजून बाकी हाय," असं म्हणून ती पुन्हा कठड्याकडे गेली.

या आमच्या मुख्याध्यापिका, निर्मला उमक. सगळे त्यांना उमक मॅडम म्हणत. 

दगडी मिडल हे काही शाळेचं कागदोपत्री नाव नव्हतं. कागदावर ती पाचवी ते आठवीची सरकारी शाळा होती आणि तिला नावाऐवजी क्रमांक होता. पण अमरावतीत ऑटोवाल्याला क्रमांक सांगितला तर तो तुमच्या तोंडाकडे बघत बसायचा. गावाभोवतीच्या जुन्या परकोटाच्या आतल्या अंगाला, उंचवट्यावर, काळ्या दगडाची ही दुमजली इमारत. इंग्रजांच्या काळात कोण्या कापसाच्या व्यापाऱ्याने बांधलेली. खाली रुईच्या गाठी, वर त्याची गादी. पुढे ती शाळेकडे आली. मी अकोल्याचा, त्यामुळे अमरावतीकरांच्या कौतुकांना सहसा भुलत नाही, पण त्या गॅलरीपुढे मीही गप्प व्हायचो. सागवानी खांब, वेलबुट्टी, कठड्यावर ओळीने कोरलेले मोर. रविवारी लग्न ठरलेली जोडपी तिथे फोटो काढायला यायची आणि सोमवारी आमची मुलं त्यांच्या गुलाबाच्या पाकळ्या झाडायची. पाऊस लागला की निम्मे वर्ग गळायचे आणि सगळी शाळा उरलेल्या खोल्यांत दाटीवाटीने बसायची.

गॅलरीच्या खाली मात्र फोटोत न येणारी वस्ती होती. पत्र्याची घरं, अरुंद गल्ल्या, धुणंभांडी करणाऱ्या बाया, हमाली करणारे पुरुष. आमची बहुतेक मुलं तिथलीच. मुलगे कसेबसे यायचे. पाचवीनंतर मुलींचं येणं अवघड व्हायचं, कारण आई कामाला गेली की धाकटी भावंडं सांभाळायला घरात दुसरं कोणी नसायचं. म्हणून रोज प्रार्थना झाली की मॅडम गॅलरीत उभ्या राहायच्या आणि जी दिसत नसेल तिच्या नावाने हाक मारायच्या. हाकेचा एक रिवाज ठरून गेला होता. मुलीने गल्लीत यायचं, वर बघायचं आणि "आली मॅडम" म्हणायचं. ते ऐकू येईपर्यंत मॅडम हाका मारत राहायच्या, कोणाला गैरहजर मांडत नसत. "गैरहजर कोनी नसते सर, कोनीतरी अडवलं असते," त्या मला म्हणाल्या होत्या. आणि अडवणाऱ्याला सगळ्या गल्लीपुढे नावाने विचारलं की तो निदान लाजेपोटी तरी सोडतो, असा त्यांचा हिशेब होता. तो बहुतेक वेळा बरोबर निघायचा.

धाकट्या भावंडांचा प्रश्न त्यांनी त्यांच्या पद्धतीने सोडवला होता. मुलीने भावाला काखोटीला मारून शाळेत आणायचं. व्हरांड्यात एक जाडजूड सतरंजी कायम पसरलेली असे. तिच्यावर ही पिल्लं लोळत, रडत, झोपत. आठवीच्या वर्गात मी प्रकाशाचं अपवर्तन शिकवतोय आणि दारातून एक उघडंनागडं पोर रांगत येऊन माझ्या बुटाची लेस सोडतंय, असं कितीदा झालं. मी कुरकुर केली की मॅडम म्हणायच्या, "शिकू द्या त्यालेबी." एकदा वरून आलेल्या एका साहेबांनी त्यांना सुचवलं की आता हाका कशाला, पालकांचा फोनवर ग्रुप करा. मॅडमनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, त्यांना चहा पाजला आणि मग शांतपणे सांगितलं, "फोन बापाच्या खिशात रायते साहेब. पोट्टी घरी रायते."

त्या काही देवमाणूस वगैरे नव्हत्या. तेल्हाऱ्याच्या बाजूच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. लहान वयात विधवा झालेल्या, एकुलत्या मुलाला एकटीने वाढवून अकोल्यात नोकरीला लावलेल्या. बोलणं फटकळ. आम्हा शिक्षकांचं कौतुक करताना त्यांच्या जिवावर यायचं. मी एकदा न सांगता रजा घेतली तर आठवडाभर त्यांनी माझ्याशी फळ्यावर लिहून संवाद केला. डबा उभ्यानेच खायच्या, एक डोळा जिन्यावर ठेवून. भाकरीचा शेवटचा घास हमखास सतरंजीवरच्या कोणाच्या तरी तोंडात जायचा. निवृत्ती जवळ आली होती, गुडघे दुखत होते, पण मुख्याध्यापकांची खोली खाली घ्या म्हटलं तर ऐकत नसत. "जथपर्यंत माहा आवाज जाते, तथपर्यंत माही शाळा. खालून तो जाईन का?"

आणि मग शाळा पाडायची बातमी आली. त्या जागेवर दुकानांचं संकुल बांधायचं चाललंय, मुलांना दूर बायपासजवळच्या एका शाळेत हलवणार, असं गावात सगळे बोलायला लागले. आम्ही शिक्षक बदलीच्या जागा शोधू लागलो. मॅडमनी मात्र पदर खोचला. बायपास म्हणजे या मुलींसाठी शाळा बंद, हे त्यांना एका क्षणात कळलं होतं. त्या वाक्याशिवाय त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. पण सरकारी कार्यालयात मुलींचं नाव काढलं की समोरचा माणूस घड्याळाकडे बघायचा. इमारतीचं नाव काढलं की मात्र कान टवकारायचा. कोणीतरी त्यांना सांगितलं की इमारत वारसा म्हणून जाहीर झाली तर तिला कोणी हात लावू शकत नाही. तेव्हापासून उमक मॅडम मुलींबद्दल बोलायच्या थांबल्या आणि दगडांबद्दल बोलू लागल्या.

त्या कामात त्यांनी एक हुशार चेली तयार केली. सातवीतली पायल. हिची आई पहाटेच चार घरची भांडी घासायला जायची, त्यामुळे गोलू नावाचा धाकटा भाऊ पायलच्या कडेवरच वाढत होता. पोरगी काटकुळी, पण पाठांतर जबरदस्त. मॅडमनी तिच्याकडून इमारतीची सगळी माहिती घोकून घेतली: खांब कुठल्या लाकडाचे, कमानीत चुना कसा वापरलाय, मोर कोणी कोरले असं लोक सांगतात. पाहुणा कोणीही येवो, पायल गोलूला कडेवर घेऊन पुढे व्हायची आणि शुद्ध पुस्तकी मराठीत बोलू लागायची. "ही वास्तू आपल्या शहराचा अनमोल ठेवा आहे," हे वाक्य म्हणताना ती मान किंचित तिरपी करायची. तेवढ्यात गोलू तिची वेणी ओढायचा.

शेवटी वारसा ठरवणाऱ्या समितीतले तज्ज्ञ आले. मध्यमवयाचे, मऊ बोलणारे, खरोखर जाणकार गृहस्थ. पायलने त्यांना सगळी इमारत दाखवली. त्यांनी खूश होऊन तिला आपलं पेन दिलं. आता दुरुस्तीही पदरात पडेल म्हणून मॅडम त्यांना स्वतः गळक्या खोल्यांत घेऊन गेल्या. भिंतीतली भेग दाखवली, तिच्यात स्वतःची बोटं घालून दाखवली, गॅलरीचा सैल झालेला खांब हलवून दाखवला. गृहस्थ बराच वेळ त्या खांबाकडे बघत राहिले. मग सतरंजीवर झोपलेल्या पोरांकडे बघून त्यांनी विचारलं, "इथे मुलं बसतात?" मॅडम अभिमानाने म्हणाल्या, "रोज."

वर्ष उलटायच्या आत इमारत वारसा म्हणून जाहीर झाली. पेपरात गॅलरीचा फोटो आला. संकुलाची गोष्ट बारगळली. मॅडमनी शाळेच्या अंगणात गोवऱ्या पेटवून त्यांच्या राखेत भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांचा बेत केला आणि सगळ्या गल्लीला जेवायला बोलावलं. वांग्याच्या भाजीच्या वासाने कबुतरंसुद्धा खाली उतरली होती. एरवी गॅलरीकडे मान वर करून बघणाऱ्या बाया त्या दिवशी पहिल्यांदा गॅलरीत उभ्या राहून आपली घरं वरून बघत होत्या. कांताने मला विचारलं, "आता आमची शाया कोनी नाई नेत ना सर?" मी नाही म्हणालो. मॅडम रोडग्यांवरची राख झटकत होत्या. त्यांना मी त्याआधी कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आदेश आला. इतकी मोलाची आणि इतकी मोडकळीस आलेली वास्तू मुलांच्या वापरात ठेवणं योग्य नाही. वास्तूलाही धोका, मुलांनाही धोका. जतनाचं काम पूर्ण होईपर्यंत शाळा बायपासजवळच्या इमारतीत भरेल. पुढे जतन झालेल्या वास्तूत शाळा भरणारच नाही, तिथे संग्रहालय होईल, हे खाली आणखी एका ओळीत लिहिलं होतं. वाईट असं त्यात कोणीच वागलेलं नव्हतं, आणि याचाच मला आजही सगळ्यात जास्त संताप येतो. भेग खरी होती. खांब खरोखर सैल होता. तो खांब एखाद्या दिवशी पोरांवर पडला असता तर मीच सगळ्यात आधी ओरडलो असतो.

मॅडमनी आदेश दोनदा वाचला आणि चष्मा काढून गळ्यात सोडला. मग व्हरांड्यातली सतरंजी स्वतः गुंडाळायला लागल्या. मी हात लावायला गेलो तर नको म्हणाल्या.

नव्या शाळेत सगळं होतं. पक्की भिंत, फरशी, न गळणारं छत. फक्त खिडकीतून ट्रक दिसायचे. शाळा उघडली त्या दिवशी वस्तीतल्या मुलींपैकी मोजक्याच आल्या, तेवढ्याही पुढे कमी होत गेल्या. मॅडम सकाळी स्कूटीवरून वस्तीत जायच्या, दारोदार फिरायच्या, आणि मागे एक आणि पुढे एक अशा मुलींना घेऊन यायच्या. पायल काही महिने तशी आली. पण गोलूला स्कूटीवर बसवायला जागा नव्हती. तो घरी एकटा राहिला आणि एकदा चुलीवरच्या गरम पाण्याने त्याचा पाय भाजला. त्यानंतर पायलची आई दारातच हात जोडून उभी राहिली. तिने मॅडमना सांगितलं की तिचा काही राग नाही, पण आता बोलवायला येऊ नका, कारण तुम्ही आलात की पोरगी दिवसभर रडते. मॅडम तिथून शाळेत आल्या, वर्गात गेल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी खुर्चीत बसून शिकवलं.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, त्यांच्यामुळे शहराचा ठेवा वाचला असं प्रत्येकाने सांगितलं. त्या मुलाकडे अकोल्याला राहायला गेल्या. सुट्टीत घरी गेलो की मी त्यांना भेटायचो. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, पुढे छोटी गॅलरी, आणि तिच्यात सुनेने वाळत घातलेले कपडे. मॅडम आत, पलंगावर बसलेल्या असायच्या. शाळेचा विषय मी काढायचो नाही. त्याच काढायच्या, आणि एकच प्रश्न विचारायच्या, पायलचं काही कळलं का. एकदा मला सांगावं लागलं की तिचं लग्न झालं, परतवाड्याकडे दिलंय. त्यांनी वय विचारलं नाही. ते त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

काम रेंगाळत रेंगाळत काही वर्षांनी पूर्ण झालं आणि उद्घाटनाचं निमंत्रण मॅडमना आलं. मीच त्यांना बसने अमरावतीला नेलं. इमारत सुंदर झाली होती, हे मान्य केलंच पाहिजे. दगड धुऊन काढलेले, मोरांवर तेलाची झळाळी, रात्रीसाठी दिवे. अंगणात, जिथे रोडगे भाजले होते तिथे, आग पेटवू नये अशी पाटी. भाषणात मॅडमचं नाव घेतलं गेलं, टाळ्या झाल्या. मग पाहुणे वर गेले. गॅलरीत नव्या खांबाशेजारी शांतता राखण्याची पाटी होती. मॅडम हळूहळू कठड्याजवळ आल्या, जुन्याच जागी दोन्ही तळवे टेकले. कोणाला वाटलं त्या देखावा बघताहेत. मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं, पण मी काही करायच्या आत त्यांनी हाक मारली.

"पायलऽऽ"

आवाज फाटला होता, पण गेला. पाहुणे दचकले. गणवेशातला पहारेकरी पुढे आला आणि आजी, इथे ओरडू नका, असं अदबीने म्हणाला. मॅडमना ती परतवाड्याला असते हे माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण खाली एक पत्र्याचं दार उघडलं. पायल माहेरी आलेली होती. कडेवर वर्षभराची मुलगी, अंगावर गाऊन, त्यावर ओढणी. मागून गोलू डोकावला, चांगला उंच झालेला. पायलने सवयीने वर बघितलं. तिचे ओठ हलले, मग थांबले. सगळी गॅलरी तिच्याकडे बघत होती.

"आता कुठी येऊ, मॅडम?" तिने विचारलं.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, एवढं मी शपथेवर सांगतो. ती खरंच विचारत होती. खालून पायलच्या मुलीने उगाच हात हलवला. कोण्या पाहुण्याला ते गोड वाटलं, त्याने फोटो काढला.

परतीच्या बसमध्ये मॅडम खिडकीशी बसल्या. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. खिडकीची काच खडखडत होती, तिच्यावर त्यांनी तळवा ठेवला होता. अकोला दिसायला लागलं तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी भिंत मागतली, सर. त्याईनं भिंत देली." मी म्हणालो, तुमच्या जागी कोणीही हेच केलं असतं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. पण मला पटवून देण्याचं बळ त्यांच्यात राहिलं नव्हतं.

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. मुलाने फोनवर सांगितलं की झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. डॉक्टरांनी हृदयाचं कारण लिहिलं. अकोल्यातच सगळं उरकलं. अमरावतीहून आलेला मी एकटा होतो, आणि ही गोष्ट वस्तीला सांगायला हवी असं मला तिथे उभ्या उभ्याच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी दगडी मिडलच्या खालच्या गल्लीत गेलो. पायल अजून माहेरीच होती. सासरी परत पाठवायचं लांबत चाललं होतं. का, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मी बातमी सांगितली. तिने ओढणी डोक्यावर घेतली आणि वर गॅलरीकडे बघितलं. वर एक जोडपं मोरांशेजारी उभं राहून फोटो काढून घेत होतं. पायलची मुलगी आता धरून धरून चालायला लागली होती, ती तिच्या पायाशी उभी होती.

"मी त्या दिवशी तसं नव्हतं इचारलं पाह्यजे," पायल म्हणाली. "नुसतं आली मॅडम म्हटलं असतं तं काय झालं असतं, सर?"

मी तिला तिचं काही चुकलं नाही असं सांगू लागलो, पण नळ आले म्हणून गल्लीत एकच गलका झाला आणि तिने मुलीला उचलून कडेवर घेतलं, दुसऱ्या हाताने पाण्याचा पितळी गुंड उचलला आणि ती पाणी भरायला गेली.